महिपतचा डुक्कर

तो डुक्कर मी मारला. हे आधी ऐकून घ्या, मग बाकीचं सांगते. पाड्यावर कोणालाबी विचारलंत तर म्हणतील, आपोआपच मेला असंल. म्हणूदेत.

महिपत म्हंजे माझा घरवाला. नाव घेतलं म्हणून काय त्याचं आयुष्य कमी होत नाय. टोकावड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचा पाडा. महिपत मुरबाडला एमआयडीसीत कामाला, पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रातची. शेत बघायची मी. बंदूक मात्र त्याची. सासऱ्याच्या वेळची ठासणीची बंदूक, शेताच्या राखणीसाठी म्हणून परवाना. ठासणीची म्हंजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, परत चिंधी, आणि लोखंडी गजानं ठासून बसवायचं. घोड्याखाली ठिणगीची टोपी लावली की तयार; घोडा पडला की टोपी फुटते आणि बार उडतो. एकदा भरली की उलटी करून रिकामी होत नाय. बार काढायचा, नायतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून आतलं एकेक उपसायचं, अडकलेली दाढ काढावी तसं.

श्रावणात महिपत कामावर असताना डुक्कर काकडीच्या वेलात शिरला. डबा वाजवला, दगड मारले, हलंना. उलट माझ्याकडंच तोंड करून उभा राहिला. मी घरात गेले, बंदूक भरली आणि बांधावरून झाडली. कानाच्या मागं लागलं. जागेवर बसला तो.

महिपत घरी आला, डुक्कर बघितला आणि पहिला कपाळाला हात लावला. "परवाना माझ्या नावावर हाय. तुझं नाव निघालं तर केस होईल गो. मी मारला म्हणून सांगायचं." बरोबर होतं त्याचं. मी हो म्हणाले. पण सांगायचं म्हंजे किती सांगायचं? ढाब्यावर सांगितलं, कारखान्यात सांगितलं, दर खेपेला डुक्कर हातभर वाढला. आणि मला काय? तर पोराची शपथ. "परत बंदुकीला हात लावशील तर लेकाची शपथ हाय तुला." मी मुकाट भाकरी थापत राहिले.

मग भाद्रपदात भात निसवायला आणि विधानसभेची निवडणूक लागायला एकच गाठ पडली. दोन हजार चार साल. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियम. माणसाला आचारसंहिता, डुकराला काय? उद्या बंदूक जमा करायची आणि आज तिन्हीसांजेला कळप भातात. महिपत दुपारच्या पाळीला गेलेला. शपथ आठवली, खोटं कशाला बोलू. पण हिरव्या भाताच्या लोंब्या चिखलात तुडवलेल्या बघितल्या आणि शपथ बाजूला ठेवली. माझ्या जुन्या पोलक्याची चिंधी फाडली, पिवळ्या फुलांची, आणि बंदूक भरून धावले. तोवर कळप ओढ्यापार. बंदूक परत खुंटीला टांगली.

आमच्या घरचा नेम असा, की खुंटीवरची बंदूक रिकामी. म्हणून भरायच्या आधी मी आत गज सोडून बघितला नाय, आणि ठासताना घाईत गज किती बाहेर राहिला तेबी नाय. हे ध्यानात ठेवा.

महिपत उशिरा आला आणि पडला तो मेल्यासारखा. सकाळी उठतोय तोवर नथूबाबा दारात हजर. नथूबाबा म्हंजे खालच्या आळीचे म्हातारे, त्यांचीबी ठासणीचीच. बाहेर काळी-पिवळी जीप हॉर्न मारतेय. आता सांगायचं कसं? शपथ मोडली, ते तिऱ्हाइतासमोर सांगू? आणि सांगून करणार काय? आचारसंहिता लागल्यावर पाड्यावर बार काढला असता तर ती आणखी भानगड. म्हटलं वाटेत एकटा सापडंल तेव्हा सांगू. गाल धरला आणि म्हणाले, "माझी दाढ ठणकते, मीबी येते डॉक्टरकडं."

जीपमध्ये तो पुढं, नथूबाबाच्या शेजारी, बंदूक गुडघ्यांत उभी. मी मागं कोथिंबिरीच्या गाठोड्यांत. टोपी लावलेली नाय, उडणार नाय, मला कळत होतं. पण कळणं वेगळं नि काळीज वेगळं. एकेका खड्ड्याला माझं काळीज तोंडात येई.

ठाण्याच्या पडवीत बंदूकवाल्यांची जत्रा. आत साहेबाची कसली मीटिंग चाललेली, हवालदारानं सगळ्यांना बाकड्यावर बसवलेलं. मी पाण्याच्या माठाजवळ भिंतीला टेकून बसले. महिपतला डोळ्यानं खुणावलं, बाहेर या. त्यानं मान हलवली, थांब. कसला येतोय, त्याला तर गप्पा सापडल्या होत्या.

इंद्रजीत शेठ होता तिथं, पोल्ट्रीवाला. त्याच्याकडं खरी रायफल, चामड्याच्या पेटीत मखमलीवर झोपवलेली. दर रविवारी मुंबईला क्लबात जाऊन निशाणं मारायचा.

"पन्नास मीटरवर, नथूबाबा," शेठ म्हणाला, "रुपयाएवढ्या जागेत पाच गोळ्या. श्वास सोडायचा अर्धा, आणि मग बोट दाबायचं."

"कागदावर ना?" नथूबाबांनी तंबाखू मळत विचारलं.

"कागदावरच. निशाण कागदाचंच असतं."

"कागद अंगावर येतो काय रे कधी?"

सगळे हसले. शेठपण हसला, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बरं बाबा, तुमच्यात अंगावर आलेला कोणी मारलाय का, ते सांगा."

झालं. नथूबाबांनी महिपतच्या पाठीत थाप मारली. "हा काय, ह्यानं! सांग रे महिपत."

आणि महिपतनं सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, बघा. माझ्याकडं एकदाबी न बघता. डुक्कर कसा गुरगुरत आला, ह्यानं कसा गुडघा टेकला, डोळ्यांच्या मधोमध कसा नेम धरला. मधोमध! कानाच्या मागं लागलं होतं, मेल्या. शेठनं विचारलं, "भीती नाय वाटली?" तर म्हणतो, "भीती कसली, सवय हाय." माझ्या अंगाची लाही झाली. ओरडून सांगावं वाटलं, पण सांगितलं असतं तर केस माझ्यावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तो तिथं मिशीवर ताव देत बसलेला, मांडीला टेकून भरलेली बंदूक.

"बघू तरी कसली तोफ आहे," म्हणत शेठनं बंदूक उचलली. घोडा चढवला, अंगणातल्या आंब्यावर नेम धरला. आंब्याखाली कोणाचं तरी पोर चिंचोके खेळत होतं. मी उभीच राहिले. खट्. टोपी नव्हती.

"वा! घोडा झकास आहे. टोपी आहे का रे एखादी? वाजवून बघू, टोपीखालचं भोक साफ आहे का."

ह्या लोकांची ही खोड. रिकाम्या बंदुकीवर टोपी फोडायची, टप् असा आवाज ऐकायचा आणि खूश व्हायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात महिपतनं झडप घालून बंदूक काढून घेतली. "नको शेठ. ठाण्यात नको." तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, ह्याला काय झालं? ह्याला तर काय ठाऊक नाय.

तेवढ्यात हवालदार बाहेर आला. नवा होता. ह्याच्या आधीचे नुसता नंबर बघून बंदूक आत ठेवत. ह्यानं टेबल मांडलं आणि म्हणाला, "ठासणीवाल्यांनी पुढं या. गज सोडून बघणार."

नथूबाबांची पहिली. हवालदारानं नळीत गज सोडला. खण्ण! देवळातल्या घंटेसारखा वाजला. रिकामी. मग महिपतची.

थप्.

गज नळीबाहेर उभा राहिलेला. हवालदारानं वर बघितलं. "भरलेली? ठाण्यात भरलेली बंदूक आणलीस? कोणी भरली?"

आता माझं नाव घेतो का काय! तर महिपत मान खाली घालून म्हणाला, "मीच. चूक झाली साहेब."

काय सांगू, त्या घटकेला सगळा राग उतरला माझा. म्हटलं, ओळखलंन माणसानं. बायकोचं पाप अंगावर घेतलंन.

मग तो पुढं बोलला, "परवा भरली होती. डुकरं आली नाय, तशीच टांगली. झाडायची राहून गेली."

परवा? मी तर काल भरली.

मी त्या गजाकडं बघितलं. एक बार भरला की गज चार बोटं बाहेर राहतो, मी डोळे झाकून सांगंन. आज वीतभर बाहेर होता. म्हंजे खाली ह्याचा बार, वर माझा.

हवालदार कावला होता, पण सरळ माणूस. म्हणाला, "असली मी आत घेणार नाय. मागच्या पडीक शेतात जा, हवेत बार काढ, मग जमा कर. ज्यानं भरली त्यानं झाडायची." महिपतचा जीव भांड्यात पडला. खिशातून टोप्यांची डबी काढत तो पायऱ्या उतरला. बाकीचे तमाशा बघाय मागं.

"थांबा!" मी ओरडले. "अवो थांबा, त्यात दोन बार हायेत!"

सगळे वळले. शेठ हसाय लागला. हवालदार म्हणाला, "बाई, तुला काय माहीत? दुसरा कोणी भरला?"

आता बोला. मी म्हटलं तर विनापरवाना बंदूक चालवल्याची केस, आणि डुकराचंबी निघालं असतं. नाय म्हटलं तर नळी ह्याच्या तोंडावर फुटणार. मी महिपतकडं बघितलं. त्याला वाटलं, डुकराच्या गोष्टीच्या रागानं मी सगळं बोलून टाकणार. डोळे वटारले त्यानं माझ्यावर.

"तिची दाढ दुखते साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "झोप नाय, काय पण बडबडते. बायामाणसाला काय कळतं बंदुकीतलं."

हशा. हशा ऐकला का, हशा! त्यानं बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकला आणि डबी उघडून टोपी शोधाय लागला. नळीचं तोंड वर, आभाळाकडं.

मी माठावरचा लोटा बुडवला, धावले आणि अख्खा लोटा नळीत ओतला.

मग काय गोंधळ! महिपतनं मला ढकललं, मी पायरीवर बसले. हवालदार ओरडतोय, नथूबाबा कपाळ बडवून घेतायत, "गो बाई, काय केलंस, बाईजाच्या घरची तरी कोणी अशी निघाली नाय!" बाईजा म्हंजे माझी आई. तिलाबी ओढली मध्ये. पण नळीत पाणी गेल्यावर बार काढता येत नाय. उपसण्याशिवाय इलाज नव्हता. नथूबाबांनीच गजाला स्क्रू लावला, बंदूक पायात धरली आणि शिव्या देत ओढाय लागले.

आधी चिंधी आली. मग छर्रे टेबलावर सांडले. परत चिंधी, मग दारूचा काळा गाळ. "झाली रिकामी," हवालदार म्हणाला, "दोन बार म्हणे." नथूबाबांनी खात्रीला गज परत सोडला.

थप्.

ह्या वेळी कोणी हसलं नाय. नथूबाबांनी परत ओढलं. काथ्याचा बोळा आला, महिपत नेहमी भरतो तसला. त्याच्याखाली परत छर्रे. म्हाताऱ्यानं गज बाजूला ठेवला. "झाडली असती तर नळी फुटली असती," हळूच म्हणाले. "डोळे गेले असते ह्याचे. शेजारी मी उभा होतो."

हवालदारानं पहिली चिंधी दोन बोटांत धरून उलगडली. काळी झालेली, पण कडेला पिवळी फुलं स्पष्ट. त्यानं ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "काथ्या तुझा. मग ही कुणाची?"

महिपतनं ती फुलं ओळखली. त्या पोलक्याचं कापड त्यानंच आणलेलं, म्हसाच्या जत्रेतून. तो माझ्याकडं बघत राहिला. मी उठून उभी राहिले, म्हटलं आता काय व्हायचं ते होऊदे, आणि तोंड उघडलं.

"माझीच," महिपत म्हणाला. "दोन्ही बार मीच भरले. परवाचं विसरलो आणि काल परत भरली. ती बघत होती, म्हणून तिला ठाऊक."

बंदूकवाल्यांत ह्यापेक्षा मोठी लाज नाय. चोर म्हटलं तर चालतं, पण भरलेल्यावर भरणारा म्हंजे त्याच्या शेजारी कोणी उभंबी राहत नाय. पहिला शेठ हसत सुटला. "दोनदा! आणि हा म्हणे डोळ्यांच्या मधोमध मारतो!" मग सगळेच. कोणी म्हणाला, डुक्कर हसून मेला असंल. कोणी म्हणाला, म्हातारा होऊन. नथूबाबा तेवढे हसले नाय. चिंधीकडं बघत होते. महिपत टेबलाजवळ उभा होता, हात खाली सोडून. मी त्याच्या मागं उभी, आणि त्यांना सांगू शकत नव्हते की गाढवांनो, ही चिंधी माझी, आणि तो डुक्करबी माझा. सांगितलं असतं तर त्यानं आताच जे गिळलं ते फुकट गेलं असतं.

बंदूक ठाण्यात राहिली ती कायमची. परवाना गेला. ढाब्यावर महिपत जायचा बंद झाला, कारखान्यात त्याला 'डबल बार' नाव पडलं. घरात आमी दोघं त्यावर बोललोच नाय. मी एकदा काढलं तर उठून गेला.

दसऱ्याच्या आधी असंच तिन्हीसांजेला आमी दोघं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो होतो, पत्र्याचा डबा घेऊन. बंदूक नाय, मग डबाच बडवायचा. ओढ्याकडं काय तरी खसपसलं. महिपतनं काठी उचलली, परत खाली ठेवली.

मग म्हणाला, "गोजर, कुठं लागलं होतं गो त्याला?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलंन. माझे डोळेच भरले. म्हटलं, "कानाच्या मागं. उभा राहिला होता ना, तोंड माझ्याकडं करून, तर मी बांधावर गेले, म्हटलं वळूदे जरा, मग..." आणि सांगाय लागले, हात करून, आवाज चढवून, सगळं, जसं झालं तसं.

महिपतनं माझ्या हातावर हात ठेवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"हळू बोल," म्हणाला. "कोणी ऐकंल."