तीन इसा अन् सात

पहिले तीन दिवस प्रेरणानं वर्गात मागं बसून फक्त बघायचं होतं. ती डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाला होती आणि सरावासाठी तिला चिकलठाण्याच्या पुढची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली होती. दुसरीचा वर्ग. वर्गशिक्षक सुदर्शन सर. चाळिशीचे, आवाज कधी न चढवणारे. तीन दिवसांत प्रेरणानं वहीची सोळा पानं भरली. सर फळ्याच्या कुठल्या बाजूनं लिहायला सुरुवात करतात, हेही तिनं टिपून ठेवलं.

चौथ्या दिवशी तिचा पहिला पाठ होता, गणिताचा: दशक, एकक. आदल्या दिवशी तिनं आइस्क्रीमच्या काड्या आणून दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधले होते. पाठाचं टाचण दोनदा लिहून काढलं होतं. पाठ सुरू झाला तेव्हा सर मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं शहाण्यासारखी बसली होती आणि पहिली दहा मिनिटं बरी गेली.

मग तिनं टेबलावर सहा गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडल्या.

"किती झाल्या? शालू, तू सांग."

शालू तिसऱ्या रांगेत बसायची. धनगराची मुलगी. तिच्या घरचे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेले, सध्या जवळच्याच विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या रिकाम्या रानात उतरले होते. दीड महिन्यापूर्वी सुदर्शन सरांनीच पालावर जाऊन तिला शाळेत आणलं होतं. आजवर तिनं वर्गात तोंड उघडलेलं प्रेरणानं पाहिलं नव्हतं.

शालू उठली. गठ्ठ्यांवरून हवेतच बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "तीन इसा अन् सात."

मग पहिल्या बाकावरचा ऋतुराज फिस्सकन हसला आणि त्याच्यामागं सगळा वर्ग. "तीन इसा! तीन इसा!"

प्रेरणाही गडबडली. टाचणात या उत्तराला जागा नव्हती. खरं सांगायचं तर तिच्याही ओठांवर हसू आलं होतं. "नाही बाळा, चुकलं," ती म्हणाली. "कोण सांगेल बरोबर?"

"सदुसष्ट!" ऋतुराज ओरडला.

"शाब्बास."

शालू खाली बसली. उरलेला तास तिनं मान वर केली नाही. घंटा झाल्यावर प्रेरणाला हलकं वाटलं; पहिला पाठ पार पडला होता.

दुसऱ्या दिवशी शालू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना सुदर्शन सर तिच्या नावाशी थोडं थांबले आणि पुढं गेले. मधल्या सुट्टीत प्रेरणानंच विषय काढला.

"सर, शालू आजारी आहे का?"

"माहीत नाही," सर म्हणाले. डब्यातली भाकरी मोडत त्यांनी विचारलं, "मॅडम, इसा म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही सर."

"वीस. एक इसा म्हणजे एक वीस."

प्रेरणानं मनात हिशेब केला. तीन वीस, साठ. आणि सात. शालूचं बोट गठ्ठ्यांवरून दोन-दोनच्या जोडीनं फिरलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. तेव्हा ते डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, सर?"

"पाठ तुमचा होता. आणि वर्गासमोर मी तुम्हाला चूक म्हटलं असतं, तर तुम्ही आज आला असता का?"

प्रेरणानं डब्याचं झाकण लावलं.

"संध्याकाळी जाऊन या," सर म्हणाले. "लांब नाही. भिंतीच्या कडेनं रस्ता आहे."

शाळा सुटल्यावर ती एकटीच निघाली. जानेवारीचं ऊन उतरलं होतं. कापूस काढून झालेल्या रानात दोन पालं होती, जाळीचं गोल कुंपण होतं आणि एक काळं कुत्रं तिच्यावर भुंकत पुढं आलं. "हाड!" म्हणत एक म्हातारी बाहेर आली. कडूबाई, शालूची आजी.

"शाळंतल्या बाई व्हय? या, बसा. पर जरा दम धरा. मेंढरं आत घ्यायचा टाइम झालाय."

शालू जाळीच्या तोंडाशी उभी होती. तिनं प्रेरणाकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. शालूचा बाप मेंढरं हाकत आला आणि मेंढ्या आत शिरू लागल्या. कधी एकेक, कधी तीन-चार एकमेकींना रेटत. शालूचे ओठ हलत होते. अधूनमधून ती डाव्या हातातला एक खडा उजव्या हातात घेई.

प्रेरणानंही सहज मोजायला घेतलं. पन्नासच्या पुढं दोन मेंढ्या एकदम घुसल्या, एक मागं फिरली, आणि तिची मोजणी कोलमडली. एक्कावन्न की त्रेपन्न, तिला सांगता येईना.

शेवटची मेंढी आत गेली. शालूनं मूठ उघडून खडे पाहिले. चार होते.

"चार इसा अन् दोन," ती आजीला म्हणाली. "एक कमी हाय."

कडूबाईनं हाक दिली. पालामागून शालूचा चुलता एका लंगड्या कोकराला काखेत घेऊन आला. "हे हाय की. पाय बांधत हुतो."

"मग बराबर," शालू म्हणाली.

प्रेरणा बघत राहिली. फळ्यापुढं उभं राहून तिनं या मुलीला चुकलं म्हणून खाली बसवलं होतं.

कडूबाईनं गुळाचा चहा आणून दिला आणि समोर बसली. "बाई, एक इचारू? राग नका मानू. पोरगी म्हनती, शाळंतलं मोजनं येगळं असतंय अन् आपलं खोटं. माझ्या बापानं असंच मोजलं, म्याबी तसंच मोजती. एक कोकरू कधी हरवलं नाय. खोटं हाय का वो ते?"

"नाही आजी," प्रेरणा म्हणाली. "खोटं नाही. मला ते येत नव्हतं."

मग तिनं शालूला जवळ बोलावलं. शालू दोन हात लांब उभी राहिली.

"तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी झाली."

शालू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "मग पोरं हासली कामून?"

"त्यांनाही येत नाही म्हणून. सोमवारी येशील?"

शालूनं मुठीतले खडे फेकून दिले आणि कोकराकडं गेली.

सोमवारी शालू आली. पण त्याच दिवशी प्रेरणाच्या कॉलेजातून सांडू सरही आले, तिचा पाठ तपासायला. मागच्या बाकावर बसून त्यांनी टाचण उघडलं. त्यात विषय होता दोन अंकी संख्यांचे वाचन, आणि सुरुवात एका गाण्यानं होणार होती.

प्रेरणानं गाणं घेतलं नाही.

"मुलांनो," ती म्हणाली, "त्या दिवशी मी शालूला चुकलं म्हणाले. ती चुकली नव्हती. मी चुकले होते."

मॅडम चुकल्या, असं मॅडमच सांगताहेत, हे पोरांना नवीन होतं.

"आज शालू तुम्हाला मोजणार आहे. सगळे व्हरांड्यात चला. आणि रांगेत नका येऊ; जसं जमेल तसं आत या."

पोरांना तेवढंच हवं होतं. रेटारेटी करत ती आत घुसली. शालू दाराशी उभी होती. आधी तिचा आवाजच फुटत नव्हता. मग ऋतुराज एकदा आत जाऊन मागच्या दारानं बाहेर सटकला आणि दुसऱ्यांदा आत यायला लागला, तशी तिनं त्याची कॉलर धरली.

"तू झाला मोजून."

सगळे हसले. या वेळी शालूही हसली.

"मला धरून एक इसा अन् आठ," तिनं सांगितलं.

प्रेरणानं हजेरी दाखवली. अठ्ठावीस हजर. मग दोन गठ्ठ्यांचा एक इसा करून तिनं काड्या वाटल्या आणि पोरं आपापला ढीग मोजायला लागली. ऋतुराज बराच वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, हे सोपंय. मला एकोणसत्तर अन् एकोणऐंशीत नेहमी घोळ होतो." आणि शालूकडं वळून, "एकोणसत्तर म्हणजे तुझ्यात किती?"

"तुझं एकोणसत्तर किती काड्या?" शालूनं विचारलं. त्यानं सहा गठ्ठे आणि नऊ काड्या मांडून दाखवल्या. "तीन इसा अन् नऊ," ती म्हणाली. मग हळूच स्वतःशी पुटपुटून पाहिलं, "एकुनसत्तर."

पाठ वेळेत संपला नाही. उजळणी राहिली, गृहपाठ राहिला. सांडू सरांनी बाहेर बोलावून टाचण परत दिलं.

"यातलं तुम्ही काय घेतलंत?"

"थोडंच, सर."

"मग लिहायचं कशाला?" त्यांनी पंचवीसपैकी चौदा गुण दिले. खाली शेरा होता: फलकलेखन सुवाच्य, पाठ टाचणाप्रमाणे नाही, वर्गनियंत्रण कमी. प्रेरणाच्या मैत्रिणींना वीस-एकवीस मिळाले होते. तिला वाईट वाटलंच. मधल्या सुट्टीत तिनं डबा अर्धा तसाच ठेवला. सुदर्शन सरांनी शेरा वाचला, पण समजूत घालायच्या भानगडीत ते पडले नाहीत. "उजळणी उद्या पहिल्या तासाला घ्या," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीच्या मध्यात रानातला चारा संपला आणि कडूबाई शाळेत सांगायला आली. मुक्काम फुलंब्रीकडं हलणार होता. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी शाळा एक हमीपत्र देते. ते दाखवलं की मूल पुढच्या गावातल्या शाळेत बसू शकतं. सुदर्शन सरांनी तो कागद प्रेरणापुढं सरकवला. "तुम्हीच भरा."

गणिताच्या रकान्यात प्रेरणानं लिहिलं: शंभरपर्यंत अचूक मोजते, विसाच्या गटानं. संख्यांची पुस्तकातली नावं शिकते आहे, पन्नासपर्यंत येतात. रकाना लहान होता. म्हणून तिनं समासात बारीक अक्षरात आणखी लिहिलं: उत्तर वेगळं वाटलं तर कसं काढलं ते विचारावं.

तिनं ते कडूबाईला वाचून दाखवलं. म्हातारीनं लक्ष देऊन ऐकलं.

"अन् फुडच्या मास्तरानं वाचलंच नाय तर?"

शालू आजीचा पदर धरून उभी होती. तीच म्हणाली, "मी सांगन की."

कडूबाईनं कागदाच्या चार घड्या घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. वर्गात पोरांचा गलका वाढत चालला होता. प्रेरणानं खडू उचलला आणि आत गेली.