शेवटचे पाणी

सांगलीतल्या आमच्या वसाहतीच्या कडेला एक छोटे हॉल्ट स्टेशन आहे: एक फलाट, एक कडुलिंब, तिकिटांची खिडकी आणि नळ. खिडकीमागे मी, इंद्रजित, कमिशनवर तिकिटे विकणारा. नळापाशी अठरा दिवसांपासून रंगुबाई.

अठरा दिवसांपूर्वी जतकडची ही धनगर बाई नवऱ्याला, धुळाला, घेऊन मिरजेहून साताऱ्याला मुलाकडे निघाली होती. पॅसेंजर तेव्हा येथे एक मिनिट थांबायची. पाण्यासाठी ती उतरली. बाटली निम्मी भरली आणि गाडी सुटली. डब्यात धुळा राहिला, वयाने जवळजवळ सारे विसरलेला. साताऱ्याच्या फलाटावर मुलगा बिरदेव उभा होता. धुळा तिथे उतरलाच नाही. तक्रार झाली, फोटो चिकटवले गेले. रंगुबाई मात्र नळ सोडीना.

"मावशी, शोधायला निघा. इथे बसून काय होणार?"

"चुकल्यालं मेंढरू शेवटच्या पाण्यावर, जितं कळप पाणी प्याला तितं, माघारी येतंय. धनगरानं ती जागा सोडायची नसती, दादा. आन तू मला निघ म्हनतोस? जगाला तिकिटं इकतोस, सवता कुटं गेलायस रं कवा?"

मी हसलो. तीही हसली. पण तिची नजर रुळांच्या त्या टोकाला होती, जिथे दोन रूळ एक झाल्यासारखे भासतात आणि कधीच होत नाहीत.

महिनाअखेरीच्या दुपारी रेल्वेचे पत्र आले. उद्यापासून पॅसेंजर येथे थांबणार नव्हती. मी ते तिला वाचून दाखवले.

"मग म्हातारं आलं तर उतरंल कसं?"

मी पत्राची घडी घातली. ती थेंबथेंब गळणाऱ्या नळाकडे पाहत राहिली. पाहता पाहता तिचा चेहरा पांढरा पडला.

"त्यो बी धनगरच की रं!" तिने माझे मनगट धरले. "नाव इसरला, गाव इसरला. ही रीत न्हाई इसरायचा. कुटल्या तरी ठेसनावर उतरून पाणी प्याला असंल, आन माजी वाट बघत तितंच बसला असंल. अठरा दिस आमी दोगंबी नुसती बसून ऱ्हायलो, लेकरा!"

साडेचारची पॅसेंजर आली. मी साताऱ्याचे तिकीट तिच्या मुठीत कोंबले. तिचा एक पाय डब्यात, एक फलाटावर. वळून तिने नळाकडे पाहिले. शिट्टी झाली.

"वाटंतल्या समद्या ठेसनांचं नळ बघत जाती. ह्यो नळ सोडून ठेव. चालत आलाच, तर पान्याच्या आवाजानं वळंल."

ती गेली. मी नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी माझी खिडकी बंद होती. तरी मी नळासाठी आलो. साताऱ्याकडून परतणारी पॅसेंजर न थांबता फलाटावरून निघाली. एका खिडकीतून मेंढरांना घालतात तशी लांब हाक आली. रंगुबाई गजांना चिकटून नळाकडे पाहत होती.

नळ वाहत होता. त्याच्यापाशी कोणी नव्हते. मी दोन्ही हात उंच करून रिकामे तळवे दाखवले.

गजांतून हात बाहेर काढून तिनेही रिकामे तळवे दाखवले.