पहारेकऱ्यांची उबदार पेटी

मित्रांनो, अंडी उबवणारी पेटी तुम्हाला ठाऊक असेल. मीही उबवणारीच, पण माझ्या पोटात पिल्लं नसतात, माणसांच्या रक्तातल्या पेशी वाढतात. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली एक जुनी पेटी आहे. नवी होते तेव्हा माझ्या काचेच्या दाराचं कोण कौतुक! आता बिजागरी कुरकुरते, म्हणून येणारा-जाणारा नावं ठेवतो. प्रयोगशाळेतल्या ताई मात्र अजून दार हलकेच लावतात. "पोरं गारठतील," म्हणतात. पोरं म्हणजे पेशी.

एका लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी हात टेकले. तेव्हा तिच्या आईच्या रक्तातल्या काही पेशी माझ्याकडे वाढवून मुलीला द्यायचं डॉक्टरांनी ठरवलं. आई कारखान्याच्या फाटकावर पहारा करायची. ती रक्त द्यायला आली आणि पेशींचं नाव ऐकून हादरलीच. नैसर्गिक मारेकरी पेशी!

"मारेकरी? अहो, लेकीच्या अंगात मारेकरी सोडू? मी नाही रक्त देणार!"

मला तिचा राग आला नाही, कणव आली. नाव ठेवणाऱ्यानं जरा आईचा विचार करायला हवा होता.

ताईंनी तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. "चांगली पेशी अंगावर ओळखीची खूण बाळगते. कर्करोगाची पेशी लबाड. पकडलं जाऊ नये म्हणून पुष्कळदा ती खूणच लपवते. शरीराचे बाकीचे सैनिक फसतात. पण खूण दिसली नाही, की या पेशींना संशय येतो आणि त्या तिला तिथेच संपवतात."

आई विचारात पडली. "म्हणजे बिल्ला नाही, तर सुटका नाही?"

"अगदी!"

"मीसुद्धा मोठ्या साहेबांना बिल्ल्याशिवाय आत सोडत नाही."

"मग पेशी तुमच्यावरच गेल्यात की!"

आईला हसू फुटलं. तिनं बाही वर सारली.

मग ती पोरं माझ्याकडे आली. पोषक गुलाबी द्रवाचा खाऊ पिऊन एकाची दोन, दोनाची चार झाली. शत्रू ओळखायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते शहाणपण या पेशी जन्मतःच घेऊन आल्या होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पुरेशा वाढल्यावर डॉक्टरांनी त्या मुलीच्या रक्तात सोडल्या.

काही महिन्यांनी मुलगी स्वतःच्या पायांनी आली. डोक्यावर नवे, मऊ केस होते. "सध्या रोग दिसत नाही, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं माझ्या काचेला नाक लावलं. "आई, तुझे पहारेकरी इथे राहत होते?"

आईनं डोळे पुसत मान डोलावली.

मित्रांनो, जुन्या पेटीचं दार आपटू नका. आत कुणाची तरी आई पहाऱ्यावर निघायच्या तयारीत असते.