अरुंधतीबाईंची रुंद सीट

मित्रांनो, मी एक जुनी, रुंद, चामड्याची सायकलची सीट आहे. माझ्याखाली दोन जाड स्प्रिंगा आहेत. माझा जन्म लुधियानातल्या एका कारखान्यात झाला. ओलं चामडं साच्यावर ताणून वाळवलं, लोखंडी सांगाड्यावर ठोकून बसवलं, आणि मी तयार झाले. १९८७ साली एका खोक्यातून मी पनवेलला आले आणि काळूराम नावाच्या माणसाच्या सायकल दुकानात खिळ्यावर टांगली गेले.

तिथे मी सात वर्षं लटकत होते. त्या काळात सगळ्यांना अरुंद, चकचकीत, फोमच्या सीट हव्या असत. गिऱ्हाईक मला हात लावी, "ही दूधवाल्याच्या सायकलची वाटते," म्हणे आणि दुसरी घेऊन जाई. माझ्यावर धूळ बसली. चामडं कडक झालं. मला त्याचं फार दुःख होत होतं असं नाही. कोणी बसल्याशिवाय आपण चांगल्या की वाईट, हे सीटला कळत नाही.

मग १९९४ च्या फेब्रुवारीत अरुंधतीबाई दुकानात आल्या. त्यांच्याबद्दल जे मला ठाऊक आहे, ते पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

अरुंधतीबाई पनवेलच्या खांदा कॉलनीत राहत. त्या आरोग्यसेविका होत्या. पांढरी साडी नेसून, लसींचा बर्फाचा डबा कॅरिअरला बांधून त्या लेडीज सायकलवर निघत. पाच महिन्यांपूर्वी कोन गाव आणि त्याच्या पलीकडची तीन गावं त्यांच्याकडे आली होती. जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर होत. सायकलला बारीक, लांब नाकाची सीट होती. महिन्याभरातच बाईंना बसण्याच्या जागी फोड आले. मांड्या सोलवटल्या. परतताना पायांना मुंग्या येत, तेव्हा त्या अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालत.

हे सांगायचं कोणाला? त्यांचा नवरा सत्यजीत मुंबईत एका कचेरीत कारकून होता. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, "सीट जरा कडक आहे." त्याने मायेने फोमचं जाडजूड कव्हर आणून दिलं. त्या कव्हराने दुखणं वाढलं. बाईंनी मात्र "आता बरं आहे" असं सांगितलं, कारण त्याने हौसेने आणलं होतं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर कृष्णकांत यांनी दोनदा विचारलं, "तुम्हाला हल्ली उशीर का होतो?" बाई म्हणाल्या, "रस्ता खराब आहे, सर."

एके दिवशी शेवटच्या गावात गोवरची लस द्यायची होती. बाया पोरांना घेऊन देवळाच्या पारावर सकाळपासून बसल्या होत्या. अरुंधतीबाई चालत चालत पोचल्या तेव्हा ठरलेल्या वेळेला दीड तास उलटून गेला होता. बाया मिठागरावर कामाला निघून गेल्या होत्या. अकरा मुलं लसीवाचून राहिली. पारावर एकटी गोदू नावाची म्हातारी होती. ती म्हणाली, "लय वाट बगितली तुमची. पन कामावर खाडा करून कसं चालंल, बाई?"

त्या रात्री अरुंधतीबाईंनी अर्ज लिहिला. फिरतीचं काम झेपत नाही, मला कचेरीत बसवा.

दुसऱ्या दिवशी अर्ज पिशवीत होता आणि चाक पंक्चर झालं. म्हणून त्या आमच्या दुकानात आल्या. काळूराम ट्यूब काढू लागला. त्याची बायको भामा दुकानातच बसलेली असे. ती मूळची मिठागराकडची. दुकानातून माहेरच्या गावी तीही कितीतरी वर्षं सायकलने ये-जा करत असे. तिने बाईंना सायकलवरून उतरताना पाहिलं होतं.

"बाई, दुकतंय ना?" भामाने विचारलं.

"छे, काही नाही."

भामा नवऱ्याकडे वळली. "अवो, तुमी जरा चा पिऊन या."

"पंक्चर अर्धं हाय अजून."

"ऱ्हाऊ द्या अर्धं. जा तुमी."

तो गेला. भामाने दार अर्धं लोटलं. "आता बोला. मला बी झालेलं. नवऱ्याला सांगायची लाज, डाक्टरला सांगायची लाज. मीच माजं शोधलं."

तेव्हा अरुंधतीबाई रडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या कोणासमोर रडत होत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, अकरा मुलांचंसुद्धा.

भामाने फळीवर ओली चिकणमाती थापली, वर प्लास्टिक पसरलं आणि बाईंना त्यावर बसवलं. त्या उठल्या तेव्हा मातीत दोन खळगे उमटले होते. भामाने मधलं अंतर बोटांनी मोजलं. "सात बोटं. ही तुमची बसायची हाडं. सगळा भार यांच्यावर पडाया पायजे. तुमची सीट चार बोटांची. हाडं बाहेर लटकतात, नि भार मदल्या नाजूक जागेवर येतो."

"पण मी मऊ कव्हर घातलं होतं."

"मऊ हाय म्हणूनच तर! हाडं खाली रुततात नि मदला फोम वर येतो. मऊ म्हंजे बरं, असं नाय."

मग तिने वर पाहिलं, मला खिळ्यावरून काढलं आणि धूळ पुसून त्या दोन खळग्यांवर धरलं. मी दोन्ही बाजूंना पुरून उरले.

मित्रांनो, इथे सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. काळूरामने मला बसवताना नाक फार खाली झुकवलं. बाई पुढे घसरत राहिल्या आणि त्यांची मनगटं भरून आली. दुसऱ्या दिवशी त्याने मला जवळजवळ सपाट केलं, तर सीट उंच झाली. तिसऱ्या दिवशी बाईंची टाच पॅडलवर ठेवून, पाय सरळ होतो का ते बघून त्याने उंची ठरवली. माझं चामडंही कडक होतं. भामाने ते तेलाच्या बोळ्याने पुसायला सांगितलं. मी बाईंच्या बसण्याला वळायला तीन आठवडे लागले.

पण त्याआधीच, पंधरवड्याने, बाई पुन्हा त्या गावात गेल्या, आणि वेळेवर पोचल्या. अकरापैकी दहा मुलं मिळाली. अकरावा केतन, दोन वर्षांचा, तो आधीच गोवरच्या तापाने फणफणला होता. बाईंनी त्याला इस्पितळात पाठवलं. तो वाचला, पण त्याचा उजवा कान कायमचा अधू झाला.

बाईंनी अर्ज फाडला. मग डॉक्टरांकडे जाऊन उशिराचं खरं कारण सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सर, तुम्ही उशीर का होतो ते विचारलंत. मला काय होतंय, ते नाही विचारलंत. आणि मीही नाही सांगितलं. चूक दोघांची आहे. कान मात्र त्या पोराचा गेला."

त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्या सायकलवर होते. किती किलोमीटर झाले ते मला माहीत नाही. केतनच्या घरावरून जाताना बाई दर वेळी उतरत आणि त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून त्याच्याशी बोलत.

१९९९ मध्ये बाईंना बढती मिळाली. त्यांच्या जागी रंजिता नावाची तरुण मुलगी आली. बाईंनी मोठ्या अभिमानाने आपली सायकल तिला दिली. "ही सीट सोन्यासारखी आहे, जप हं," असं बजावलं.

चौथ्याच दिवशी रंजिता केंद्रात आली आणि डॉक्टरांसमोर, शिपायासमोर मोठ्याने म्हणाली, "मॅडम, तुमच्या सीटने मला फोड आलेत. मला दुसरी पाहिजे."

शिपायाने मान खाली घातली. अरुंधतीबाईंचा चेहरा क्षणभर पडला. त्यांना वाईट वाटलं ते माझ्यासाठी, हे मला कळलं. पण खरं सांगायचं तर रंजिता बारीक चणीची होती आणि मी तिला फार रुंद होते. शिवाय मी आता पुरती बाईंच्या अंगाची झाले होते.

डॉक्टर म्हणाले, "आजच बदलून घ्या. मी रजा देतो."

बाईंनी रंजिताकडे पाहिलं. "मला हे बोलायला पाच महिने लागले गं," त्या म्हणाल्या, "आणि तू चार दिवसांत बोललीस." मग त्या स्वतः तिला भामाकडे घेऊन गेल्या.

आता मी खांदा कॉलनीतल्या गॅलरीत एका फळीवर असते. चामड्याला भेगा पडल्या आहेत. तुमच्याकडे माझ्यासारखी चामड्याची सीट असेल तर ती ओली राहू देऊ नका, अधूनमधून तेल लावा, एवढं माझं मागणं आहे. आणि मित्रांनो, तुमच्या घरातली आई, ताई किंवा मावशी लांबचा रस्ता करून आली आणि उतरताना तिचं तोंड वाकडं झालं, तर तिला उशीर का झाला ते विचारू नका. कुठे दुखतंय, ते विचारा. आणि तिने सांगेपर्यंत तिथून हलू नका.