दोन किल्लीवाले

आमच्या हार्लन फॉल्समध्ये चोर फार नाहीत, पण चोर शिरला की वाजणारे भोंगे घरोघरी आहेत. पडदा हलला, वाजला. मांजर उडालं, वाजला. सासूबाई न सांगता आल्या तर वाजणारच, आणि तो खोटा म्हणावा की खरा यावर नवराबायकोत एकमत नसे. पोलीस बिचारे धावून धावून दमले. म्हणून गावानं नियम केला : भोंगा असेल तर नोंदणी करा, वर्षात तीनदा खोटा वाजला तर नोंदणी रद्द, मग बोंबला, कुणी येणार नाही.

नोंदणीचं टेबल माझं, वर्ना केटरिंगचं. अर्जाचा नमुनाही मीच बनवला. खोटे भोंगे निम्म्यावर आले, गावानं कौतुकाची पाटी दिली. ती मी स्वतःच पुसते, कारण दुसरं कुणी तिच्याकडे बघत नाही.

सोमवारी सकाळी ऑर्विल स्टब्ज आले. वय ऐंशी, घरात एकटे, आठवड्यात तीन खोटे भोंगे. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा लिहिलेलं : 'हॅपी बर्थडे'.

"हे काय कारण झालं?"

"वाढदिवसाचा तरंगता फुगा आहे हो. मुलीनं ओरेगनहून पाठवला, दुकानवाला देऊन गेला. हीटर सुरू झाला की दिवाणखान्यात फिरतो, आणि भोंग्याला वाटतं, कुणी शिरलं."

"आणि पोलीस?"

"तिन्ही वेळा आले. फार गोड पोरं. केक खाल्ला, मग नोटीस दिली."

"फोडा की तो फुगा."

"अजून हवा आहे त्यात," ते म्हणाले, जणू मी पेशंटचा ऑक्सिजन काढायला सांगितलं होतं.

नोंदणी वाचवायचा एकच मार्ग होता : नवा अर्ज आणि त्यात दोन किल्लीवाले. म्हणजे घराची किल्ली ज्यांच्याकडे आहे आणि भोंगा वाजल्यावर वीस मिनिटांत जे येतील अशी माणसं. तसं झालं की आधी त्यांना फोन जातो, पोलीस नंतर. स्टब्ज त्या दोन रिकाम्या ओळींकडे बघत राहिले.

"मुलगी चालेल?"

"ओरेगनहून वीस मिनिटांत?"

"शेजारी भोंग्यापायी बोलत नाहीत. नोंदणी गेली आणि मी न्हाणीघरात पडलो, तर कोण येणार, बाई?"

"अहो, नऊ हजारांचं गाव हे. दोन माणसं मिळत नाहीत म्हणजे कमाल झाली." मला राग आला होता. असल्या लोकांमुळेच माझे आकडे बिघडतात. "हा बघा भरलेला नमुना. शिका जरा."

काउंटरच्या काचेखाली सहा वर्षं तो नमुना आहे. गावातला पहिला अर्ज, माझाच. दरवर्षी त्यावर नूतनीकरणाचा शिक्काही मीच मारते. स्टब्जनी चष्मा सारखा केला.

"पहिला किल्लीवाला, रॉय केटरिंग. हे कोण?"

"माझे यजमान."

"वीस मिनिटांत येतात?"

मी म्हणाले, "चार वर्षांपूर्वी गेले. ओक हिलच्या दफनभूमीत आहेत."

"दुसरी, मॅक्सीन?"

"बहीण. फ्लोरिडाला राहायला गेली."

स्टब्जनी मनातल्या मनात हिशोब केला. "ओक हिल तर इथून पाच मिनिटांवर. म्हणजे तुमचा अर्ज अर्धा तरी नियमात बसतो."

मला आधी हसू आलं, मग ते विरलं. चार वर्षं मी रोज लोकांच्या चुका काढत होते आणि रात्री भोंगा लावून निर्धास्त झोपत होते. वाजला असता तर फोन ओक हिलला गेला असता.

मी काच उचलली, नमुना बाहेर काढला, रॉयच्या नावावर एक रेघ मारली. त्यांच्या अर्जाच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि माझा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"आणि दुसरी ओळ?" त्यांनी विचारलं.

"त्या पोलिसांपैकी एकाचं नाव घाला. केक खाल्लाय त्यानं."

त्यांनी माझ्या अर्जावर मोठ्या अक्षरांत, सावकाश आपलं नाव लिहिलं. मग खिशातून घराची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. सहा वर्षांत इतके अर्ज घेतले, पण खरी किल्ली इथे कुणी ठेवली नव्हती.

"या कधीही," ते म्हणाले. "फुगा मात्र फोडायचा नाही."