पडद्यावरचे हिरवे दिवे

ऑफिसात त्याला सगळे स्वेटर म्हणत. भर उन्हाळ्यातही तो लोकरीचा स्वेटर घालून येई. लायसन्स ऑफिसचा सर्व्हर तळघरात होता, सर्व्हरला गारवा लागे आणि सर्व्हरला जे लागे ते स्वेटरला सोसावं लागे. 'सोसणं' हा शब्द तो फक्त वरच्या मजल्यावर वापरी. खरं म्हणजे त्या खोलीवर त्याचा जीव होता. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. खुर्चीचं एक चाक गळालेलं असल्यामुळे ती कोणी पळवत नव्हतं, आणि थंडीमुळे भेटायला आलेला माणूस मुद्द्याचं बोलून निघून जाई. घरी सासूबाई, टीव्ही आणि ड्रम शिकणारा मुलगा असलेल्या माणसाला आणखी काय हवं?

नेमकी तीच खोली त्याच्या साडूमुळे जाणार होती.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो ऑफिसांना सॉफ्टवेअर विकत असे. या खेपेला त्याने आभासी कंट्रोल पॅनल आणलं होतं. सर्व्हरच्या तोंडावर जी बटणं आणि दिवे असतात, ते जसेच्या तसे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. सर्व्हरमधून निघालेली सीरियल केबल जिन्यातून वर साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. साहेबांनी आता खुर्चीतून न उठता सर्व्हर सांभाळायचा.

"मग खाली माणूस कशाला?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर," साडू म्हणाला. नंतर जिन्यात त्याने स्वेटरच्या पाठीवर हात ठेवला. "साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. जरा माणसांत याल."

"मी माणसांतूनच खाली गेलोय."

तळघरात टेबल टेनिस ठेवायचं ठरलं आणि स्वेटरचं टेबल साहेबांच्या दाराशी, घंटीच्या टप्प्यात. तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी तो हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली.

"अहो, बसा तरी," बायको म्हणाली. "धाकटीच्या नवऱ्याचं चार पैशांचं काम होतंय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"पोटात नाही. पायात."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी 'शेवटचं एकदा बघून येतो' म्हणून तो खाली गेला. केबलचं टोक दोन बारीक स्क्रूंनी सर्व्हरला घट्ट बसवलेलं होतं. त्याने ते सोडवले आणि टोक नखभर बाहेर ओढलं. पॅनल आंधळं होईल, साहेब वैतागतील, साडू हात हलवत परत जाईल. अर्धा जिना चढेपर्यंत त्याला स्वतःची लाज वाटली. उरलेला अर्धा तो शिट्टी वाजवत चढला.

केबिनमध्ये ही गर्दी. पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार.

स्वेटरची शिट्टी तोंडातच राहिली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. संपर्क तुटला की पॅनल शेवटचं जे पाहिलेलं असेल तेच दाखवत बसत होतं. साडूने ते सकाळी सुरू केलं होतं, तेव्हा केबल धडधाकट होती. आता त्या दिव्यांना सर्व्हरची गरज उरली नव्हती.

"हे लाल बटण कशाचं?" म्हणत साहेबांनी ते दाबलंसुद्धा.

साडूचा चेहरा उतरला. ते सर्व्हर बंद करायचं बटण होतं. हा सर्व्हर कधीच बंद करायचा नसतो. रस्त्यावर गाड्या अडवणारे पोलीस दिवसरात्र त्यालाच विचारून माणूस सोडतात. पण दिवे हिरवेच राहिले. खाली फक्त एक पिवळी पट्टी उमटली: 'आदेश प्रतीक्षेत.'

"बंद का नाही झाला?"

"सुरक्षितता आहे, सर," साडू म्हणाला. "घाईत दिलेला आदेश पॅनल लगेच मानत नाही. थोडा ठेवून घेतं."

साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे आपल्याच पद्धतीने काम करतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्डर पक्की झाली.

साडूने स्वेटरला बाहीला धरून जिन्यात आणलं. "वायर तुम्ही सैल केलीत?"

"केली."

"धन्य आहात. मुकाट्याने घट्ट करून या."

स्वेटर दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. "आणि साहेबांनी दाबलेलं?"

साडूने कपाळाला हात लावला. वायर जोडली की अडकून पडलेला आदेश खाली जाणार, आणि सर्व्हर त्याच क्षणी बंद.

"पॅनल बंद करा म्हणजे आदेश पुसला जाईल," स्वेटर म्हणाला.

"साहेब माउसला हात लावू देत नाहीत. पाहुण्यांना दिवे दाखवायचेत त्यांना. जाताना केबिनला कुलूप लावणार आहेत."

"खरं सांगून टाकू या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाची नोकरी होती, दुसऱ्याची ऑर्डर, आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी.

दुसऱ्या दिवशी साडूने साहेबांना लेखी सल्ला दिला: पॅनलच्या सुरळीत कामासाठी यंत्राजवळ जाणकार व्यक्ती कायम बसलेली असावी. साहेबांनी सही केली. टेबल टेनिस बारगळलं. स्वेटरला खोली परत मिळाली, तीन चाकांच्या खुर्चीसकट.

फक्त त्याला बसता येईना. नजर सारखी त्या नखभर बाहेर आलेल्या टोकाकडे जाई. टेकला की उठे, उठला की वाकून बघे. धक्का लागून आत गेलं तर? डबा त्याने उभ्यानेच खाल्ला.

दुपारी शिपाई फरशी पुसायला आला. टापटिपीचा माणूस. तिरकी चौकट दिसली की सरळ केल्याशिवाय पुढे जात नसे.

"ही वायर निघालीय," तो फडकं खांद्यावर टाकत म्हणाला. "बसवून टाकू?"

"तिला हात लावायचा नाही," स्वेटर मध्ये येऊन उभा राहिला. "उद्याही नाही. परवाही नाही."

शिपाई त्याच्याकडे बघत राहिला. "तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"स्वेटर कुठाय तुमचा?"

तो खुर्चीच्या पाठीवर होता. त्या गारठ्यात त्याला सकाळपासून घाम फुटलेला होता.