वरच्या कोर्टाकडे निघालेले अर्ज

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. नुसती पेटी म्हणाल तर मला राग येईल. मी अर्जपेटी आहे. तुरुंगाच्या ऑफिसच्या दाराला लागून, भेटीच्या खिडकीशेजारी, बावीस वर्षे मी भिंत धरून आहे. मित्रांनो, शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही. पण जिच्या पोटात रोज अक्षरे पडतात, तिला वाचायला वेगळे शिकवावे लागते होय?

माझा जन्म इथल्याच कारखान्यातला. जन्मठेपेच्या एका कैद्याने मला घडवले. हात असा की एकही सांधा अजून सुटलेला नाही. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारून "मजबूत आहे!" म्हटले होते. त्यानंतर मला कुणी फडक्याने पुसलेदेखील नाही. कौतुक एकदाच होते, धूळ मात्र रोज बसते.

कैद्याने अर्ज लिहायचा आणि माझ्या तोंडातून आत सोडायचा. शनिवारी बारनिशीचा कारकून कुलूप काढतो, आलेले कागद वहीत चढवतो आणि ज्या त्या कोर्टात पाठवतो. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. त्याच्या हातून कागद कधी हरवला नाही, कधी चुरगळला नाही. कागदावर खटल्याचा नंबर बघायचा आणि त्या नंबरच्या कोर्टाच्या खणात तो टाकायचा, ही त्याची रीत. नंबरापलीकडे वाचायची त्याला सवय नव्हती. घात झाला तो तिथेच.

इथे एक कैदी आहे. पकडला जाण्याआधी तो गावातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचा, म्हणून सगळे त्याला इस्त्रीवाला म्हणतात. एका दुपारी लाकडाची वखार जळाली आणि ती यानेच पेटवली असा आळ आला. त्या दुपारी तो कामावर होता. आल्यागेल्याची वेळ यंत्राने छापलेले त्याचे हजेरीचे कार्ड धुलाईघरात होते. पण तिथली कार्डे तीन वर्षे ठेवतात आणि मग रद्दीत देतात. हे त्याला कळले तेव्हा चारच महिने उरले होते.

सरकारने दिलेला वकील एकदाच भेटायला आला आणि त्याला दुसऱ्याच आरोपीच्या नावाने हाका मारून गेला. तेव्हा इस्त्रीवाल्याने भर कोर्टात सांगितले, "माझी बाजू मीच मांडतो." आणि ते कार्ड मागवावे म्हणून त्याने न्यायाधीशांना अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो मान्यही केला नाही, नाकारलाही नाही. "पुढच्या तारखेला बघू," म्हणाले. असे दोनदा झाले आणि त्यात एक महिना गेला.

मग त्याने वरच्या कोर्टाला अर्ज लिहिला. कागद कमी, म्हणून अक्षर मुंगीएवढे. 'माझे म्हणणे खरे माना असे मी म्हणत नाही,' त्याने लिहिले होते. 'फक्त खालच्या साहेबांना हुकूम करा की हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हटले तर मला त्यावर दाद तरी मागता येईल. काहीच न म्हटले तर मी कुठे जाऊ?'



पण अर्जावर नंबर होता खालच्याच खटल्याचा; दुसरा नंबर त्याच्याकडे होता कुठे? भाऊसाहेबाने नंबर पाहिला आणि अर्ज खालच्या कोर्टाच्या खणात टाकला. तिथे कुणीतरी तो फाईलला लावला, आणि फाईल मिटली.

इस्त्रीवाला दर शनिवारी येऊन विचारायचा, "भाऊसाहेब, काही आलं?"

"वरचं कोर्ट आहे बाबा. तिथं काय, भाकरी उलटायची घाई असते?"

महिन्याने त्याने दुसरा अर्ज टाकला. तोही त्याच वाटेने गेला. त्याचे जेवण सुटले. माझ्यासमोर उभा राहून तो बोटांवर दिवस मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा.

मग भेटीला त्याची आत्या आली. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. बाई अंगठाबहाद्दर, पण जीभ अशी की सुपारी फुटावी. वरच्या कोर्टाच्या खिडकीवर दोन दिवस उभी राहून ती सरळ इथे आली होती. भाच्याला भेटायच्या आधी ती ऑफिसच्या दारात ठाकली.

"भाऊसाहेब, माझ्या भाच्याचे अर्ज कुठं पाठवलेत?"

"कोर्टात, मावशी. वहीत नोंद आहे."

"मी मावशी नाही, आत्या आहे. कुठल्या कोर्टात? वरच्या कोर्टात त्याच्या नावाचं चिटोरंसुद्धा पोचलेलं नाही म्हणतात!"

भाऊसाहेबाने वही उघडली. ओळीवर बोट फिरले आणि थांबले. त्याचा चेहरा उतरला.

"नंबर खालचा होता, म्हणून…"

"अहो, सासूचं गाऱ्हाणं घेऊन सून माहेरी निघाली, आणि तुम्ही तिला उचलून पुन्हा सासूच्याच ओट्यावर नेऊन बसवलंत! आणि वर एकदा नाही, दोनदा!"

 त्याच दिवशी इस्त्रीवाल्याने तिसरा अर्ज लिहिला आणि भाऊसाहेबाने पाकिटावर वरच्या कोर्टाचा पत्ता ठळक अक्षरात घातला.

तीन आठवड्यांनी हुकूम आला: सात दिवसांत अर्जावर निकाल द्या. खालच्या न्यायाधीशांनी पाच मिनिटांत अर्ज मान्य केला. मित्रांनो, पाच मिनिटांचेच काम होते ते!

धुलाईघराचे उत्तर यायला आणखी दहा दिवस गेले. भाऊसाहेबाने ते खिडकीशी वाचून दाखवले. मुदत संपल्यामुळे त्या वर्षाची कार्डे सहा दिवसांपूर्वी रद्दीत गेली होती.

इस्त्रीवाला ओरडला नाही. माझ्यावर डोके टेकून उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या पत्र्यावर आपटत होता. मग तो म्हणाला, "भाऊसाहेब, आणखी कागद द्या."

"आता कशाला रे?"

"त्या दुपारी माझ्यासोबत चादरीचं दुसरं टोक धरायला एक बाई होती. तिला साक्षीला बोलवा म्हणून लिहितो. कार्ड गेलं, पण ती आहे ना अजून. तिला ती दुपार आठवते तोवरच काय ते."

भाऊसाहेबाने कागद दिले. मग खाली बघत म्हणाला, "त्यात हेही लिही. आधीचे दोन अर्ज भलत्या दारी गेले, ते बारनिशीच्या चुकीमुळे. खाली सही मी करतो."

"तुमची नोकरी जाईल."

"तू लिही म्हटलं ना!"

तो अर्ज माझ्या पोटात पडलाच नाही. शनिवारची वाट न बघता भाऊसाहेब तो हातात घेऊन स्वतःच कोर्टाकडे निघाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी डावलले, आणि मला राग आला नाही.

पण मित्रांनो, त्याला आज सतरा दिवस झाले. न्यायाधीश पुन्हा म्हणाले आहेत, "पुढच्या तारखेला बघू." म्हणून मी तुमच्यापुढे हात जोडते, हात नाहीत मला, तरी जोडते. उद्या तुम्ही खुर्चीत बसाल. कुणाचा कागद हाती आला तर नंबरावर थांबू नका, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नाही म्हणायचे असेल तर खुशाल नाही म्हणा. पण आज म्हणा. तिकडे चादरीचे दुसरे टोक धरणारी ती बाई म्हातारी होते आहे, आणि दिवसाला एकेक दुपार विसरते आहे.